पुन्हा न दिसणारी चूक

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातली गोष्ट. अ‍ॅमस्टरडॅमच्या मॅथेमॅटिश सेंट्रम या संस्थेत एक्स-१ नावाच्या नव्या संगणकाची आखणी चालली होती. यंत्र रचणारे दोघं होते, ब्राम लोपस्ट्रा आणि कारेल स्खोल्टन. त्या यंत्राचा पायाभूत प्रोग्रॅम लिहिणार होता एडस्गर डायक्स्ट्रा हा तरुण. एके दिवशी त्या दोघांनी एक नवी कल्पना मांडली. टाइपरायटर, कागदी टेप वाचणारं यंत्र अशी उपकरणं फार संथ. त्यांची वाट बघत संगणकाने ताटकळायचं कशाला? त्याने आपलं गणित करत राहावं. उपकरणाचं काम झालं की त्यानेच संगणकाला टोकावं. संगणक हातातलं काम तिथंच ठेवील, उपकरणाकडे बघेल आणि सोडलं होतं तिथून पुन्हा सुरू करील. याच टोकण्याला आज आपण इंटरप्ट म्हणतो.

डायक्स्ट्राला ही सूचना ऐकून धडकी भरली. हे टोकणं कोणत्या क्षणी येईल हे आधी सांगता येणार नाही. म्हणजे तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला, तरी तो दोनदा सारखा चालणार नाही. आज चूक घडली आणि उद्या ती शोधायला बसलो, तर ती पुन्हा दिसेलच याचा भरवसा काय? त्याने काही महिने निर्णय लांबवला. शेवटी सहकाऱ्यांनी त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं: हे काम अवघड आहे खरं, सामान्य माणसाला झेपणारं नाही, पण तुझ्यासारख्याला का नाही जमणार? डायक्स्ट्राने ते काम केलं, आणि १९५९मध्ये त्यावरच डॉक्टरेट मिळवली.

या भीतीत आजच्या फर्मवेअर लिहिणाऱ्यांचं सगळं दुखणं आलं. फर्मवेअर म्हणजे वस्तूच्या पोटातल्या चिपमध्ये कायमचा मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम. धुलाईयंत्र, वीजमीटर, लिफ्ट, ठिबक सिंचनाचा नियंत्रक, रुग्णालयातला सलाइनचा पंप, अशा सगळ्या ठिकाणी तो असतो. त्याला बहुधा पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. बिघडलं तर काय बिघडलं हे सांगायला त्याला तोंड नसतं. म्हणून या धंद्यातली सगळी अवजारं एकाच कामासाठी घडली आहेत: आत चाललेलं बाहेर दिसावं, आणि बघण्याच्या नादात आतलं बिघडू नये.

यातली बरीच अवजारं आणि कल्पना नेदरलँड्सच्या मातीतल्या आहेत, आणि महाराष्ट्रातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांची त्यांच्याशी नकळत ओळख झालेली असते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं हाताळलेले ते दोन बोर्ड आठवा. एकावर ८०५१ घराण्यातली पी-८९-व्ही-५१-आरडी-२ ही चिप, दुसऱ्यावर एलपीसी-२१४८. दोन्ही मूळच्या फिलिप्सच्या. फिलिप्सचा चिपचा व्यवसाय २००६मध्ये वेगळा होऊन एनएक्सपी झाला. त्याचं मुख्यालय आजही आइंडहोव्हनला आहे. त्याच परिसरात, शेजारच्या फेल्डहोव्हनमधल्या एएसएमएलसारख्या कंपन्यांमुळे, आज अनेक मराठी इंजिनियर कुटुंबं राहतात.

पहिलं अवजार: छापून बघणं

नवशिक्याचं आणि मुरलेल्याचंही पहिलं अवजार एकच, सीरियल पोर्टवरून ओळी छापणं. ‘इथवर आलो’, ‘तापमान २७’, ‘मोटर चालू’. लॅपटॉपवर त्या ओळी वाचत बसायचं. स्वस्त आणि पुष्कळदा पुरेसं.

पण छापणं फुकट नसतं. पोर्टचा वेग सेकंदाला १,१५,२०० बिट धरू. एका अक्षराला दहा बिट लागतात, म्हणजे साधारण ८७ मायक्रोसेकंद. चाळीस अक्षरांची ओळ बाहेर पडायला साडेतीन मिलिसेकंद गेले. एलपीसी-२१४८ जास्तीत जास्त ६० मेगाहर्ट्झवर चालते. तेवढ्या वेळात तिच्या घड्याळाचे दोन लाखांहून जास्त ठोके पडतात. ओळ छापून होईपर्यंत प्रोग्रॅम तिथंच थांबत असेल, तर मूळ चुकीची वेळच बदलते. म्हणून अनेकदा असं होतं की छापायची ओळ घातली की चूक गायब, काढली की हजर. असं दिसलं तर चिडू नये. तो मोठा पुरावा आहे. चूक हिशेबाची नाही, वेळेची आहे, हे कळलं.

अशा वेळी छापणं सोडून एका रिकाम्या पिनवर जायचं. इंटरप्टच्या सुरुवातीला पिन वर, शेवटी खाली. याला घड्याळाचे मोजके ठोके लागतात. त्या पिनला लॉजिक अ‍ॅनलायझर लावला, की इंटरप्ट किती वेळा आला, किती वेळ टिकला, दोन इंटरप्ट एकमेकांच्या पायात कधी आले, हे लॅपटॉपच्या पडद्यावर आलेखासारखं उमटतं. हे यंत्र आता महाग राहिलेलं नाही. आठ तारांची, काडेपेटीएवढी डबी आणि सिगरॉक प्रकल्पाचा मोफत पल्सव्ह्यू प्रोग्रॅम एवढ्यावर विद्यार्थ्याचं काम भागतं.

दोन तारांची भाषा

लॉजिक अ‍ॅनलायझर लावायची सगळ्यात नेहमीची जागा म्हणजे आय-टू-सी. ही भाषा फिलिप्सने १९८२मध्ये आणली. टीव्हीसारख्या यंत्रात चिप्सची संख्या वाढली होती आणि प्रत्येकीला नियंत्रकापर्यंत वेगळ्या तारा न्यायच्या, तर बोर्डावर तारांचं जाळं होत होतं. फिलिप्सने सगळ्यांना दोनच तारांवर बसवलं. एका तारेवर घड्याळाचा ठोका, दुसरीवर माहिती. प्रत्येक चिपला सात बिटांचा पत्ता. १२८ पत्त्यांपैकी १६ राखीव, उरले ११२. नियंत्रक पत्ता पुकारतो, ज्याचा असेल तो तार खाली ओढून ‘हो’ म्हणतो. सुरुवातीचा वेग सेकंदाला एक लाख बिट होता, १९९२मध्ये चार लाखांचा वेग आला. आज तापमान, दाब, वेळ, हालचाल मोजणाऱ्या असंख्य चिप्स हीच भाषा बोलतात.

इथल्या भांडणांचे तीन प्रकार सारखे भेटतात, आणि प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

पहिला प्रकार पत्त्याचा. डीएस-१३०७ ही वेळ राखणारी चिप आणि एमपीयू-६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सर, दोघांचाही नेहमीचा पत्ता हेक्स ६८. दोन्ही एकाच तारेवर लावले की दोघंही एकदम ‘हो’ म्हणतात आणि वाचलेले आकडे निरर्थक येतात. उपाय सोपा आहे. सेन्सरची पत्त्याची पिन वर बांधली की तो ६९वर जातो. म्हणून नवा बोर्ड हाती आला की पहिला प्रोग्रॅम हजेरी घेण्याचा लिहावा: सगळे पत्ते एकेक करून पुकारायचे आणि कोण ओ देतं ते बघायचं.

दुसरा प्रकार पुल-अपचा. आय-टू-सीमध्ये चिप तार फक्त खाली ओढू शकते. वर नेण्याचं काम पुल-अप रेझिस्टर करतो. रेझिस्टर मोठा असेल तर तार आळसावून वर चढते. हिशेब करून बघू. तारांची आणि चिप्सची मिळून १०० पिकोफॅरड धारिता धरली आणि १० किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर चढायला सुमारे ८५० नॅनोसेकंद लागतात. एक लाखाच्या वेगाला १,००० नॅनोसेकंदांची मुभा आहे, तिथं हे चालून जातं. चार लाखांच्या वेगाला मुभा फक्त ३०० नॅनोसेकंदांची. तिथं हाच बोर्ड कधी चालतो, कधी नाही. २.२ किलोओहम लावला की वेळ १९०च्या आत येते. यातली मेख अशी की लॉजिक अ‍ॅनलायझर फक्त शून्य आणि एक दाखवतो. तार कशी चढली हे त्याला दिसतच नाही. त्यासाठी ऑसिलोस्कोपच हवा. पडद्यावर काटकोनी पायरीऐवजी शार्कच्या पाठीवरच्या परासारखा बाक दिसला, की प्रोग्रॅम तपासणं थांबवून सोल्डरिंग आयर्न तापवायला घ्यावं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. नियंत्रक सेन्सरकडून माहिती वाचत असताना मध्येच रीसेट झाला. सेन्सरला याचा पत्ता नाही. त्याने शून्याचा बिट द्यायला तार खाली धरलेली आहे आणि तो पुढच्या ठोक्याची वाट बघतोय. नियंत्रक जागा होऊन बघतो तर तार खाली, म्हणजे कुणीतरी बोलतंय. तो थांबतो. दोघंही ‘पहले आप’ करत बसतात. खूण अशी: रीसेटचं बटण दाबून यंत्र सुधारत नाही, वीज घालवून परत दिली की लगेच सुधारतं. उपाय आय-टू-सीच्या अधिकृत नियमावलीतच दिलेला आहे. सुरू होताना तार अडकलेली दिसली, तर नियंत्रकाने घड्याळाचे नऊ ठोके द्यावेत. आठ बिट आणि एक पावती, एवढ्यात सेन्सरचं बोलणं संपतं आणि तो तार सोडतो. चार ओळींचा हा प्रोग्रॅम नसला, तर शेतातला नियंत्रक सुधारण्यासाठी कुणालातरी मोटरसायकल काढावी लागते.

चिपच्या आत डोकावणं

तारा बाहेर असतात, त्यांना क्लिप लावता येते. चिपच्या पोटातलं काय? १९८०च्या दशकात बोर्ड दाट झाले, चिपचे पाय बारीक झाले आणि सोल्डरचे सांधे तपासायला सुई टेकवणंही अवघड होऊन बसलं. या अडचणीवर १९८५मध्ये कंपन्यांचा एक गट बसला. पुढाकार युरोपियन कंपन्यांचा होता आणि त्यात फिलिप्स आघाडीवर होती. त्या गटाचं नाव जॉइंट टेस्ट अ‍ॅक्शन ग्रुप, म्हणजेच जेटॅग. १९९०मध्ये त्याचं प्रमाणक झालं. चार तारांवरून प्रत्येक पायाची अवस्था वाचायची आणि ठरवायची, एवढाच मूळ हेतू होता. मग चिप बनवणाऱ्यांच्या लक्षात आलं की याच खिडकीतून प्रोसेसर थांबवता येईल, त्याच्या स्मृतीत डोकावता येईल, एकेक सूचना चालवता येईल. सांधे तपासायचं साधन असं डीबगर झालं.

डीबगरची ताकद ब्रेकपॉइंटमध्ये आहे: ‘या ओळीवर आलास की थांब.’ फ्लॅशमधल्या, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीतल्या, प्रोग्रॅमसाठी चिपमध्ये त्याचं वेगळं सर्किट लागतं आणि ते मोजकंच असतं. एलपीसी-२१४८च्या एआरएम-७ गाभ्यात असे दोन, पुढच्या कॉर्टेक्स-एम-३मध्ये साधारण सहा. त्याहून उपयोगी वॉचपॉइंट. एखाद्या चलाची किंमत कोण बिघडवतंय ते कळत नसेल, तर त्या पत्त्यावर पहारा बसवायचा. कुणीही तिथं लिहिलं की प्रोसेसर जागच्या जागी थांबतो आणि चोर रंगेहाथ सापडतो.

पण प्रोसेसर थांबतो, बाहेरचं जग थांबत नाही. मोटरला वीज देणारा ट्रान्झिस्टर चालू असताना ब्रेकपॉइंट लागला, तर तो चालूच राहतो आणि थोड्याच वेळात जळका वास येतो. म्हणून मोटर, हीटर किंवा बॅटरी चार्जर जोडलेला असताना ब्रेकपॉइंट वापरण्याआधी त्यांची वीज काढावी, किंवा तिथं पिन वर-खाली करण्याच्या जुन्या युक्तीवर यावं.

पाच महिन्यांतून एकदा

आता डायक्स्ट्राच्या भीतीकडे परत येऊ. समजा, पाण्याचा मीटर आहे. चाक फिरलं की इंटरप्ट येतो आणि १६ बिटांची मोजणी एकाने वाढते. मुख्य प्रोग्रॅम सेकंदातून एकदा ती मोजणी वाचतो. चिप ८०५१, म्हणजे एका वेळी आठच बिट वाचणारी. मोजणी २५५ आहे. प्रोग्रॅमने खालचा अर्धा भाग वाचला: २५५. नेमक्या त्याच क्षणी इंटरप्ट आला, मोजणी २५६ झाली. वरच्या अर्ध्या भागात १, खालच्यात शून्य. परत येऊन प्रोग्रॅमने वरचा भाग वाचला: १. दोन्ही जोडून आकडा झाला ५११. पाण्याचं बिल दुप्पट!

हे किती वेळा होईल? सेकंदाला दहा ठोके येतात असं धरलं, तर खालचा भाग दर २५.६ सेकंदांनी भरून उलटतो. दोन भाग वाचण्यामधलं अंतर दोन मायक्रोसेकंद. उलटणं नेमकं त्या फटीत सापडण्याची शक्यता पाच लाखांत एक. म्हणजे सरासरी एक कोटी २८ लाख सेकंदांतून एकदा, साधारण पाच महिन्यांतून एकदा. टेबलावर महिनाभर चाचणी घेतली तरी यंत्र बहुधा पास होईल. पण शंभर घरांत शंभर मीटर बसले, की दर दीड दिवसाला एक तक्रार येईल, दरवेळी वेगळ्या घरातून, आणि मेकॅनिक पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असेल.

हे दुरुस्त करणं अगदी सोपं आहे. वाचण्यापुरते इंटरप्ट बंद करा, प्रत काढून घ्या, पुन्हा चालू करा. किंवा दोनदा वाचा आणि दोन्ही सारखे आले तरच घ्या. अवघड आहे ते चूक ओळखणं, कारण ती चाचणीत सापडत नाही, विचारात सापडते. चाचणी चुका आहेत हे दाखवू शकते, त्या नाहीत हे कधीच दाखवू शकत नाही, हे डायक्स्ट्राचं प्रसिद्ध मत याच अनुभवाशी जुळतं. पुढे आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात त्याने छोट्या गटासह टीएचई नावाची कार्यप्रणाली रचली. तीत त्याने सेमाफोर वापरला. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं, कामही तेच: एका रुळावर एका वेळी एकच गाडी. एकमेकांवर रचलेले थर, प्रत्येक थर आधी कागदावर तपासलेला. १९६८च्या लेखात त्याने लिहिलं की चाचणीत फक्त किरकोळ लिहिण्याच्या चुका निघाल्या, पाचशे सूचनांमागे साधारण एक.

आजच्या इंजिनियरने यातून उचलायची सवय साधी आहे. इंटरप्ट आणि मुख्य प्रोग्रॅम या दोघांनाही दिसणारा प्रत्येक चल एका कागदावर लिहून काढा. कोण लिहितं, कोण वाचतं, मध्येच टोकलं तर काय होईल, हे प्रत्येकापुढे नोंदवा. बहुतेक प्रोग्रॅममध्ये ही यादी एका पानात मावते. मावत नसेल, तर रचनाच पुन्हा बघायला हवी.

बोर्डाशिवाय चाचणी, माणसाशिवाय दुरुस्ती

दुसरी सवय म्हणजे निर्णय आणि पिना वेगळ्या ठेवणं. ‘जमिनीतला ओलावा इतका, वेळ ही, टाकीत पाणी एवढं, मग व्हॉल्व्ह उघडू का?’ हा प्रश्न सोडवणाऱ्या भागाला पिनांची नावंही माहीत नसावीत. मग तो भाग लॅपटॉपवर चालवता येतो, आणि हजारो प्रसंग क्षणात तपासून होतात: ओलाव्याचा सेन्सर तुटला, घड्याळ मध्यरात्र ओलांडून गेलं, पातळी मोजता मोजता टाकी रिकामी झाली. बोर्डावर हे प्रसंग घडवायला आठवडे लागले असते. या चाचण्या लिहायला अनेकजण पायथन वापरतात. तीही अ‍ॅमस्टरडॅमची लेक. मॅथेमॅटिश सेंट्रमचंच पुढे सीडब्ल्यूआय झालं आणि तिथं गिडो फान रॉसमने १९८९च्या नाताळात तिची सुरुवात केली.

तिसरी सवय, यंत्र एकटं असेल हे धरून चालणं. वॉचडॉग हा चिपमधला स्वतंत्र टायमर असतो. ठरलेल्या वेळात प्रोग्रॅमने त्याला थोपटलं नाही, की तो चिप रीसेट करतो. अनेकजण हे थोपटणं टायमरच्या इंटरप्टमध्ये टाकून मोकळे होतात. मग मुख्य प्रोग्रॅम मरून पडला तरी इंटरप्ट इमानेइतबारे थोपटत राहतो आणि राखणदार निर्धास्त झोपतो. थोपटायचं ते मुख्य फेरीच्या शेवटी, सगळी कामं खरोखर झाल्याची खात्री करून. आणि रीसेट झाल्यावर पहिलं काम, रीसेटचं कारण फ्लॅशमध्ये नोंदवणं. वीज गेली होती, बटण दाबलं होतं की वॉचडॉग चावला? ही एक नोंद नसली तर पाच महिन्यांतून एकदा येणाऱ्या चुकीचा माग कुठूनच लागत नाही.

समुद्राला अडवणारा प्रोग्रॅम

या सगळ्या सवयी एकत्र बघायच्या असतील, तर रॉटरडॅमच्या पश्चिमेला हुक फान हॉलंडजवळ जावं. १९५३च्या फेब्रुवारीत समुद्राने बांध फोडले आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर उभारलेल्या संरक्षणाच्या साखळीतला शेवटचा मोठा दुवा म्हणजे मासलांटकेरिंग, १९९७मध्ये सुरू झालेला. ३६० मीटर रुंदीच्या जलमार्गावर दोन वक्र दरवाजे आहेत, प्रत्येकी २१० मीटर लांब आणि २२ मीटर उंच. दरवाजे बंद केले तर बंदराची वाहतूक थांबते. बंद केले नाहीत तर शहर बुडतं. हा निर्णय माणसाच्या घाबरण्यावर किंवा डुलकीवर सोडायचा नाही असं ठरलं आणि तो संगणकाकडे दिला. पाणी अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रमाण पातळीपेक्षा तीन मीटर वर चढेल असा अंदाज आला, की प्रणालीने आपणहून दरवाजे लावायचे.

हे मायक्रोकंट्रोलरपेक्षा फार मोठं यंत्र आहे, पण प्रश्न तोच: ज्या वादळासाठी ते बांधलं, ते वादळ चाचणीसाठी मागवता येत नाही. म्हणून लिहिणाऱ्यांनी रचना आधी गणिती भाषेत मांडली. उपप्रणालींमधल्या संभाषणाचं प्रारूप स्पिन नावाच्या प्रोग्रॅमला दिलं. दोघांनी एकमेकांची वाट बघत बसण्यासारखे प्रसंग उद्भवतात का, हे तो प्रोग्रॅम शक्य तेवढ्या सगळ्या क्रमांमधून फिरून तपासतो. आय-टू-सीच्या दोन तारांवरचं ते ‘पहले आप’ इथं घडलं असतं तर किंमत वेगळी मोजावी लागली असती. आणि दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास, आकाश निरभ्र असताना, दरवाजे एकदा लावून बघतात. लोक मुलांना घेऊन बघायला जातात.

२००७च्या नोव्हेंबरात ते वादळासाठी पहिल्यांदा लावले गेले, तेव्हा मर्यादा मुद्दाम कमी ठेवली होती. मूळ तीन मीटरच्या अटीवर प्रणालीने आपणहून निर्णय घेतला तो २१ डिसेंबर २०२३च्या रात्री, पिया वादळात. दरवाजे सुरू झाल्यापासून सव्वीस वर्षं ती अट खऱ्या वादळात एकदाही लागू झाली नव्हती. त्या रात्री ती लागू झाली, दरवाजे लागले, आणि आत रॉटरडॅमची माणसं नेहमीसारखी झोपली.